भोकं नसलेली बटणं

१

कात्री कापडावर आडवी ठेवून शिंपीमास्तर खाली बसले आणि त्यांना उलटी झाली. काळपट, भिजलेल्या चहापत्तीसारखी. टेबलावर एका गिऱ्हाइकाच्या सुटाचं फिकट कापड पसरलेलं होतं. चाळीस वर्षांत ज्या माणसानं कुणाच्या कापडावर खडूची एक जादा रेघ उठू दिली नव्हती, तो तशातही म्हणाला, "आधी कापड उचला." मग त्यांची शुद्ध गेली.

ही काल सकाळी अकराची गोष्ट. आज दहा वाजेपर्यंत अख्ख्या गल्लीला ठाऊक झालं होतं, की मास्तरांवर विषप्रयोग झालाय आणि तो सुनेनं केलाय. गल्लीला पुरावा लागत नाही. घरात नवी सून असली की तेवढ्यावर भागतं.

कंपाउंडरबाईंचं मात्र तेवढ्यावर भागत नसे. चौतीस वर्षं त्यांनी दवाखान्याच्या औषधखिडकीत काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं लोटली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि सवयही. कुणी काही ठासून सांगायला लागलं की त्यांच्या तोंडावर यायचं, "आधी चिठ्ठी दाखवा."

मास्तरांचा मुलगा त्यांच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरलेला होता.

"काकू, जरा घरी येता का? आत्याला बायकोच्या कपाटात पुडी सापडलीय."

खाली दुकान, वर घर. बाई जिना चढून गेल्या तेव्हा आत्या, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, खुर्चीत न्यायाधीशासारखी बसली होती. सून भिंतीशी उभी होती. तिच्या पायाशी भरलेली बॅग होती.

"ही बघा." आत्यानं कागदाची पुडी पुढे केली. आत पांढरी पूड होती. "कपड्यांच्या घडीखाली लपवलेली. सहा महिने झाले हिला या घरात येऊन, आणि सहा महिनेच माझ्या भावाचं पोट जळतंय. दोन आणि दोन चार करायला मला शाळेत जायला नको. हिच्या भावाला फोन केलाय, पाच वाजता येतोय तो घेऊन जायला. एकदा गेली की या घराचा उंबरा हिला बंद. आणि पुडी जाईल पोलिसांकडे."

बाईंनी पुडीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "डॉक्टर काय म्हणाल्या?"

"पोटात जखमा झाल्यात, त्यातून रक्त गेलं. दुर्बीण घालून रक्त थांबवलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. जिवावरचं टळलं म्हणाल्या. पाठ-कंबर दुखते का, त्याला काय घेता, असं विचारलं त्यांनी बाबांना. बाबा म्हणाले, कमरेची एक, रोज सकाळी. त्या म्हणाल्या, एकीनंही होऊ शकतं, पण जखमा इतक्या आणि इतक्या खोल? घरी नीट चौकशी करा."

"ऐकलंत?" आत्या म्हणाली. "मग बाकीचं कशानं झालं?"

प्रश्न बरोबर होता. बाईंना फक्त त्याचं उत्तर देण्याची एवढी घाई आवडली नाही.

"घरात लिंबू आहे?"

मुलानं लिंबू आणलं. बाईंनी चिमूटभर पूड बशीत घेतली आणि वर चार थेंब पिळले. बशीत फसफस झाली.

"खायचा सोडा," बाई म्हणाल्या. "यानं कुणाच्या पोटाला भोक पडत नाही."

मुलानं इतका मोठा सुस्कारा सोडला की बशीतला फेस हलला. पण आत्या आत्याच होती. "सोडा ना? मग स्वयंपाकघर सोडून कपड्यांखाली कशाला?"

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता.

"ते मला सांगता येणार नाही काकू. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

तिनं खाली वाकून बॅगेची उघडी राहिलेली चेन लावून टाकली.

२

बाईंनी घड्याळ बघितलं. साडेदहा. पाचपर्यंत शोध लागला नाही, तर चोर सोडून संन्याशाला सुळी मिळणार, आणि एकदा गेलेली मुलगी या घरात पुन्हा यायची नाही. बाईंना ती पोरगी आवडत असे. उगीच गोड बोलत नसे ती.

त्या खाली दुकानात आल्या. काजवाला त्याच्या स्टुलावर बसून कोटाला काज करत होता. तीस वर्षं तो मास्तरांच्या उजव्या हाताला बसत आला होता.

"कमरेची पांढरी गोळी मीच दिली होती, बाई," त्यानं न विचारताच सांगून टाकलं. "माझी कमर धरली तेव्हा डॉक्टरांनी मला लिहून दिलेली. मला गुण आला. म्हटलं, मास्तरही दिवसभर वाकलेलेच असतात. पण शपथेवर सांगतो, माझ्यासमोर एकच घेतात. दुसरी घेताना कधी बघितलं नाही."

"खाऊन घेतात की उपाशीपोटी?"

"उपाशीपोटीच. मास्तर भरल्या पोटी कात्री धरत नाहीत. पोट जड तर हात जड, असं म्हणतात. महागाचं कापड सगळं सकाळी अनशा पोटी कापून मोकळे होतात. दोन वाजता जेवतात."

बाईंनी मान हलवली. नवी माहिती होती, पण पुरेशी नव्हती.

दुकानाच्या दाराशी मास्तरांच्या चपला होत्या. काल त्यांना उचलून नेताना तशाच राहिलेल्या. जवळजवळ नव्या, पण पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेले.

"या केव्हा घेतल्या?" त्यांनी मुलाला विचारलं.

"दोन महिने झाले. आधीच्या घट्ट व्हायला लागल्या होत्या. आता याही रुततात म्हणून दुकानदाराला शिव्या घालतात."

"दुसऱ्याचं माप अर्ध्या बोटानं चुकत नाही तुझ्या बापाचं. स्वतःचा पाय वाढला ते कळलं नाही?" बाई म्हणाल्या. "पाय सुजलेत त्यांचे. बरं, त्यांना आणखी कुठली औषधं आहेत?"

"कुठलीच नाहीत."

"तीन वर्षांपूर्वी छातीत दुखलं होतं ना?"

"हां, त्याची एक बारकी गोळी आहे. रक्त पातळ राहण्यासाठी. पण ती नेहमीचीच आहे काकू. ती औषधात कोण धरतो?"

"डॉक्टरांना सांगितलीस?"

मुलानं जीभ चावली. कपाळावर हात मारावा असं बाईंना वाटलं, पण कपाळ स्वतःचं होतं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

तेवढ्यात आत्या तरातरा जिना उतरून आली. सत्तरीची बाई, कठड्याला हात न लावता.

"गुडघे छान चालतात की हो तुमचे," बाई म्हणाल्या. "लग्नाला आलात तेव्हा दोघांनी धरून आणलं होतं तुम्हाला."

"माझ्या डॉक्टरांचा हातगुण आहे तो," आत्या फुलून म्हणाली. "तुमची चौकशी झाली असेल तर मी भावाकडे जाऊन येते."

"झाली नाही अजून," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष कचऱ्याच्या डब्याकडे गेलं होतं.

३

डबा काल सकाळपासून रिकामा केलेला नव्हता. त्यात कापडाच्या चिंध्या होत्या, दोऱ्याची रिकामी रिळं होती. बाईंनी तो जमिनीवर उपडा केला. आत्यानं नाकाला पदर लावला.

"गोळी खाल्ली की मागे पत्रा उरतो," बाई म्हणाल्या. "मास्तर रोज इथे उभे राहून गोळी घेतात. मग पत्रा कुठाय?"

"ते रविवारीच सोलून ठेवतात," काजवाला म्हणाला. "अंगठा दुखतो ना त्यांचा. पत्रा दाबून गोळी निघत नाही. म्हणून आठवड्याच्या सगळ्या एकदम कात्रीनं कापून काढतात आणि पत्रे लगेच बाहेर टाकतात."

"आणि सोललेल्या ठेवतात कुठे?"

काजवाल्यानं मुलाकडे पाहिलं, मुलानं आत्याकडे. कुणालाच माहीत नव्हतं. तीन माणसं रोज एका छताखाली वावरतात, आणि एका म्हाताऱ्याच्या गोळ्या कुठे असतात ते एकालाही ठाऊक नाही! बाईंना राग आला, आणि रागात त्यांचं डोकं नेहमीच बरं चालायचं.

शिंपी वस्तू पाकिटात ठेवत नाही. सुया, हूक, दोरे, जे येईल ते पाकीट फाडून खणात घालतो, म्हणजे न बघता हाताला लागतं. बाईंनी कापणीच्या टेबलाचा खण ओढला. आत लाकडी पेटी होती, लहान लहान कप्प्यांची, रंगवार लावलेल्या बटणांनी भरलेली. काळी, करडी, निळी, शिंपल्याची. शेवटच्या ओळीत चार कप्पे. एकात पांढरी, दुसऱ्यात पिवळी, तिसऱ्यात तांबूस, आणि चौथ्यात अगदी बारकी, पांढरीच.

"ही शर्टाची असतील," मुलगा म्हणाला.

बाईंनी एक पिवळं बटण उचलून उजेडात धरलं. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं.

"काजवाले, हे कोटाला लावून दाखवा."

काजवाल्यानं सुई घेतली, बटण हातात घेतलं आणि थांबला.

त्याला भोकं नव्हती.

४

"पांढऱ्या तुमच्या, काजवाले. बारक्या छातीच्या. उरल्या पिवळ्या आणि तांबूस," बाई म्हणाल्या. "आता कुणी खोटं बोलायचं नाही. पिवळ्या कुणाच्या?"

आत्यानं कमरेची पिशवी चाचपली. तिचा आवाज एकदम लहान झाला.

"माझ्या गुडघ्याच्या आहेत. त्याचाही गुडघा धरतो, उभं राहून राहून. माझ्या वाट्यातल्या देत होते मी त्याला. दुपारी एक. एकच हो!"

"आणि तांबूस?"

"अंगठ्यासाठी मी आणल्या होत्या," मुलगा म्हणाला. "मेडिकलमधून. चिठ्ठी न मागता दिल्या त्यांनी. संध्याकाळी एक. काकू, मला वाटलं, अंगठ्याची गोळी ती काय..."

"प्रत्येकाला वाटलं. कमरेची वेगळी, गुडघ्याची वेगळी, अंगठ्याची वेगळी. स्ट्रिपा आणा तिघांच्या."

स्ट्रिपा आल्या. बाईंनी काजवाल्याचं भिंग घेतलं आणि मोठ्या नावाखालची मुंगीएवढी अक्षरं वाचली.

"कमरेची आणि गुडघ्याची गोळी एकच आहे. कंपनी वेगळी, रंग वेगळा, आतलं औषध तेच. अंगठ्याची तिची मावसबहीण. सूज आणि दुखणं उतरवणाऱ्या गोळ्या आहेत या. काम चांगलं करतात, मी हजारोंना दिल्यात. पण एका वेळी एकच जात द्यायची, कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस, भरल्या पोटी. आणि साठी उलटलेल्या माणसाला, त्यातून छातीची गोळी चालू असलेल्याला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. ती बारकी गोळी रक्त गोठू देत नाही, आणि या तिघी पोटाचं अस्तर सोलतात. चौघी मिळून त्या उपाशी पोटावर रोज तुटून पडत होत्या. पायावरची सूजही त्यांचीच."

"पण पोट तर हिच्या येण्यापासून जळतंय," आत्या म्हणाली. तिच्या बोलण्यात आता धार नव्हती, नुसतंच घाबरणं होतं.

"त्या आठवड्यात या घरात आणखी कोण आलं, आत्याबाई?"

लग्नाला आलेली आत्या, आणलेल्या पिशवीतल्या गोळ्यांसकट, तेव्हापासून इथेच होती. ती हळूहळू स्टुलावर बसली. दुसऱ्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटं कुणाकडे असतात, हे तिला सांगायची गरज राहिली नव्हती.

बाईंना तिची कीवच आली. "तुम्ही विष नाही दिलंत हो. माया दिलीत. पण तीही चिठ्ठीशिवाय दिलीत."

"मग सोडा कशाला होता?" मुलानं विचारलं.

"ते एकच माणूस सांगेल," बाई म्हणाल्या आणि बटणांची पेटी काखेत मारून उठल्या. "चला."

५

मास्तर उशीला टेकून बसले होते. चेहरा फिकट होता, पण डोळे जागेवर होते. पहिला प्रश्न त्यांनी कापडाचा केला. डाग निघाला का? काजवाल्यानं काढलाय म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

बाईंनी पेटी पांघरुणावर ठेवली. मास्तर ओशाळले.

"डॉक्टरांना एकच गोळी का सांगितलीत?"

"त्यांनी विचारलं, पाठ-कंबर दुखते का, त्याला काय घेता? कमरेला एकच घेतो मी. गुडघ्याचं कुठे विचारलं?"

"मास्तर!"

"बाई, मी सगळी हयात माणूस तुकड्यांत बघत आलो. कंबर वेगळी मापायची, खांदा वेगळा, बाही वेगळी. कमरेचं माप बाहीला चालत नाही. गोळीचंही तसंच असेल असं धरून चाललो मी. प्रत्येक जागेला एक. जादा कुठेच घेतली नाही."

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. इतका नेमका माणूस, आणि त्या नेमकेपणानंच मरता मरता वाचला.

"अहो, कापड तुकड्यांत कापता, पण माणूस शिवलेलाच असतो ना? गोळी कमरेच्या नावानं घ्या नाहीतर अंगठ्याच्या, पहिल्यांदा पोटातच उतरते. पोटाला कुणाच्याही मापाचं काही कळत नाही. जळजळ होत नव्हती?"

"होत होती. आठ दिवस शौचाला काळंभोर, डांबरासारखं होत होतं. म्हटलं, खाण्यातलं काहीतरी असेल."

"ते रक्त होतं, मास्तर. त्याच दिवशी धावत यायचं. आणि सुनेकडून सोडा घेत होतात ना?"

मास्तर चमकले. "तिनं सांगितलं?"

"नाही. म्हणून तर विचारते."

"मीच बोललो होतो तिला, कुणाला सांगू नकोस. जळजळ इतकी वाढलीय कळलं तर पोरगा मला कापणीवरून उठवेल. तीन वेळा म्हणाली ती, बाबा, डॉक्टरांकडे चला. मी ऐकलं नाही. शेवटी शब्द घेतला तिच्याकडून." ते थांबले. आत्या पायाशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. "का? काय झालं?"

आत्यानंच सांगितलं. पुडी, बॅग, पाच वाजता येणारा भाऊ, सगळं. स्वतःला वगळलं नाही तिनं, हे बाईंनी मनात तिच्या बाजूनं मांडलं.

मास्तर उठायला लागले. हाताला सलाइन आहे याचंही भान नव्हतं त्यांना. "माझा शब्द राखायला पोरीनं घर सोडायचं? सोड मला! मी येतो!"

वॉर्डातली डॉक्टरीण धावत आली. बाईंनी तिला आधी मास्तरांना आडवं करू दिलं, मग पेटी आणि स्ट्रिपा पुढे केल्या. तिनं चारही कप्पे बघितले, अक्षरं वाचली आणि खुर्ची ओढून बसलीच.

"कालपासून मी डोकं खाजवतेय. मनात काय काय वाईट येत होतं." ती हसली. "कारण कळलं, आता वाट सरळ आहे. या तिन्ही बंद. जखमा भरायला काही आठवडे औषध लागेल, पण भरतील. छातीची गोळी मात्र आपल्या मनानं सोडायची नाही, ती पुन्हा कधी सुरू करायची ते मी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवते. दुखण्याला दुसरे उपाय आहेत, पोटाला न छळणारे. आणि सोडाही नको, पायाची सूज वाढवतो तो."

"मी कापू शकेन ना पुन्हा?" मास्तरांनी विचारलं.

"महिन्याभरानं. न्याहारी करून."

मास्तरांनी डोळे मिटले. "ताई, तू इथे काय करतेस?" ते बहिणीला म्हणाले. "घरी जा. पाच वाजतील."

६

पाचला दहा मिनिटं कमी होती. रिक्षा दाराशी उभी होती आणि सुनेचा भाऊ बॅग उचलून जिन्यात आला होता. त्याच्या कपाळावर शीर उठली होती. आत्या त्याच्या समोर जिन्यात उभी राहिली.

"चुकले मी," ती म्हणाली. धाप लागलेली होती, तरी शब्द स्पष्ट होते. "उचलली जीभ नि लावली टाळ्याला. तुझ्या बहिणीनं माझ्या भावाचा शब्द राखला आणि मी तिच्यावर विषाचा आळ घेतला."

मुलानं सगळं सांगितलं, दोनदा, कारण पहिल्यांदा त्याला रडू आवरेना. सून ऐकत राहिली. बाबा शुद्धीवर आहेत, बोलतात, महिन्याभरात कात्री धरतील, हे ऐकल्यावर ती पायरीवरच बसली आणि पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दिवसभराचा ताण त्यांच्याही खांद्यांवरून उतरला.

"राहशील ना?" आत्यानं विचारलं.

"चार दिवस माहेरी जाऊन येते," सून डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही घालवलंत म्हणून जायचं नाही मला, आणि तुम्ही थांबवलंत म्हणून थांबायचंही नाही. माझी मी जाणार, माझी मी येणार."

"बरोबर आहे," कंपाउंडरबाई म्हणाल्या, कुणी विचारलं नसताना.

"आणि जाताना बाबांना भेटून जाईन. शब्द पाळायला नको होता मी. डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पुढे नाही ऐकणार त्यांचं."

आत्यानं कमरेची पिशवी उघडली, आपली पिवळ्या गोळ्यांची स्ट्रिप काढली आणि सुनेच्या हातात ठेवली.

"माझ्याही तुझ्याकडेच राहू देत. तू देशील तेव्हा घेईन."

सकाळी जिच्या हातची पूड पोलिसांकडे जाणार होती, तिच्या हातात आता आत्याचं औषध होतं. सुनेनं स्ट्रिप उलटी केली, बारीक अक्षरं वाचली, तारीख बघितली.

"तुमच्या डॉक्टरांनी किती दिवस घ्यायला सांगितल्या होत्या?"

"दहा दिवस."

"आणि झाले किती?"

आत्यानं मान खाली घातली. "सहा महिने."

"उद्या कंपाउंडरकाकू नेतील तुम्हाला डॉक्टरांकडे. आज काही घ्यायची नाही." सुनेनं पदर खोचला आणि भावाच्या हातातली बॅग काढून कोपऱ्यात ठेवली. "कालपासून जेवलात का काही?"

"नाही," आत्या म्हणाली.

"मग चला वर. दादा, तूही हात धू. जेवूनच निघू आपण."